तळ्याकाठचा मुक्काम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोलापूर जिल्ह्यात तंबू म्हटलं की सर्कस आठवते, नाहीतर तमाशाची कनात. उसाच्या फडाशेजारी तोडणी कामगारांच्या कोप्या दिसतात, दुष्काळात जनावरांच्या छावण्या दिसतात. म्हणजे कापडाच्या किंवा पाचटाच्या छपराखाली माणूस राहतो तो पोटासाठी, असाच आमचा समज. घरी चांगलं छप्पर असताना पदरचे पैसे खर्चून हौसेनं जमिनीवर झोपायला जाणारी माणसं जगात आहेत, हे मी नुसतं ऐकून होतो. त्यांच्यात मी एक रात्र काढली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि तीही अमेरिकेत.

माझी मुलगी आणि जावई टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरात राहतात. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे गेलो होतो. एका रात्री जेवताना मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, शनिवारी तळ्यावर मुक्कामाला जायचं.’’ मी विचारलं, ‘‘कुणाकडे?’’ ती म्हणाली, ‘‘कुणाकडे नाही. तंबू घेऊन.’’ हिच्या हातातला घास हातातच राहिला. ‘‘लेकीचं घर बघायला एवढ्या लांब आले, आणि आता तंबूत झोपू?’’ पण चार वर्षांच्या नातवानं तेवढ्यात आपली बॅटरी आणून दाखवली, आणि प्रश्न मिटला.

आधी हा मुलूख कुठला ते सांगतो. अमेरिकेच्या पूर्व भागात, दक्षिणेकडच्या अलाबामापासून उत्तरेला थेट कॅनडापर्यंत अ‍ॅपलाचियन पर्वताची रांग गेली आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा पर्वत घडायला लागला तो त्याच्याही कितीतरी आधी, चाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वी. एके काळी तो फार उंच होता, पण ऊन, वारा आणि पाणी यांनी झिजून झिजून आता गोलसर झाला आहे. त्याचं सर्वांत उंच शिखर माउंट मिचेल २,०३७ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम चारशे मीटर जास्त. अंगावर दाट झाडी, दऱ्यांतून नद्या, सकाळ-संध्याकाळ डोंगरावर निळसर धुकं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला श्रावणातला आंबोली घाट आठवला.

एवढा पाऊस आणि एवढ्या नद्या असूनही या पर्वताच्या दक्षिण भागात नैसर्गिक तळं जवळजवळ नाहीच. हिमयुगात उत्तरेकडे बर्फाच्या थरांनी जमीन खरवडली आणि हजारो तळी तयार झाली. तो बर्फ इकडे दक्षिणेत पोचलाच नाही. व्हर्जिनियात माउंटन लेक नावाचं एक नैसर्गिक तळं आहे, पण त्याचं पाणी तळातून झिरपत असतं. २००८ मध्ये ते जवळजवळ कोरडं पडलं होतं. तेव्हा टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना किंवा वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात तुम्ही एखाद्या सुंदर तळ्याकाठी उभे असाल, तर शोधायला लागा. कुठेतरी भिंत सापडेलच. ते तळं म्हणजे धरणाचा जलाशय असतो.

ही गोष्ट जावयानं मला सहज, गाडी चालवता चालवता सांगितली. मी मात्र त्यानंतर बराच वेळ गप्प बसलो. त्याचं कारण पुढे येईल.

आम्ही निघालो होतो फोंटाना तळ्याकडे. वाटेत अकरा मैलांत तीनशे अठरा वळणं असलेला एक घाटरस्ता लागतो. मोटारसायकलवाल्यांनी त्याला ‘ड्रॅगनची शेपटी’ असं नाव दिलं आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे लिटल टेनेसी नदीवर एकामागून एक धरणं दिसतात, मूळची अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी बांधलेली. सगळ्यांत शेवटी फोंटाना. ४८० फूट उंचीचं हे धरण अमेरिकेच्या पूर्व भागात सर्वांत उंच. या धरणाच्या माथ्यावरूनच ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल’ ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची प्रसिद्ध पायवाट जाते. पाठीवर घर घेऊन महिनोन् महिने चालणारी माणसं आम्हाला तिथं भेटली. त्यांच्यापुढे आमचा एका रात्रीचा मुक्काम म्हणजे अंगणातली बाजच.

तळ्याच्या दक्षिण काठावर केबल कोव्ह नावाचं तंबूचं मैदान आहे. ते तिथल्या वनखात्याच्या ताब्यात आहे. या मुलुखात तंबू ठोकायच्या बहुतेक जागा सरकारीच. काही राष्ट्रीय उद्यानाच्या, काही वनखात्याच्या, काही राज्य सरकारांच्या, काही लष्कराच्या अभियंता विभागानं बांधलेल्या धरणांलगत. बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवरून आधी जागा राखून ठेवावी लागते. भाडं हॉटेलच्या मानानं किरकोळ. त्या पैशात तुम्हाला मिळते एक सपाट केलेली, आकडा घातलेली जागा, एक लाकडी मेज आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. जवळ पाण्याचा नळ आणि संडास. वीज नाही. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, आणि तो कुणी केलाही नाही. आपल्याकडच्या तळ्यांवरचे कर्णे आठवून मला हे जरा अवघडच वाटलं.

तंबू ठोकणं हे मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. खाली ताडपत्री, वर तंबू, दोन लवचीक काठ्या कमानीसारख्या खोचायच्या, तणावे ताणून खुंट्या ठोकायच्या. पंधरा मिनिटांत घर उभं. जावयानं खुंटी ठोकण्याआधी एक काम केलं. तो मान वर करून झाडं न्याहाळत राहिला. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘अब्बा, आधी वर बघायचं, मग खाली. वाळलेलं झाड किंवा तुटून लोंबणारी फांदी डोक्यावर नको.’’ या डोंगरात हेमलॉक नावाचे मोठे सूचिपर्णी वृक्ष आहेत. बाहेरून आलेल्या एका बारीक किड्यानं त्यांची फार मोठी हानी केली आहे. मेलेली झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात आणि एखाद्या रात्री वारा नसतानाही कोसळतात.

जळणाचं शास्त्रही या किड्यांनी बदललं. घरून लाकडं नेलीत तर त्यांतून दुसरीकडचे किडे आणि त्यांची अंडी नव्या जंगलात जातात. अ‍ॅश नावाच्या झाडांचा फडशा पाडणारा एक हिरवा भुंगा असाच जळणाबरोबर गावोगाव पसरला. म्हणून शेजारच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात २०१५ पासून बाहेरून नेलेलं जळण भट्टीत तापवून किडामुक्त केल्याचा शिक्का असलेलंच चालतं. आम्ही तसाच एक बांधीव भारा विकत घेतला होता. हिनं मोळीची किंमत विचारली, मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला, आणि मग प्रत्येक लाकूड जपून जाळलं.

आणि अस्वलं. एकट्या स्मोकी उद्यानात काळी अस्वलं जवळपास दोन हजार आहेत. माणसाच्या अंगावर ती सहसा येत नाहीत. त्यांना हवं असतं आपलं खाणं. म्हणून रात्री तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवायचा नाही, टूथपेस्टही नाही, कारण तिलाही वास असतो. सगळं गाडीत बंद करायचं. आत जंगलात जिथं गाडी जात नाही, तिथं उद्यानानं उंच तारा आणि कप्प्या लावून ठेवल्या आहेत. त्यावर शिदोरी टांगून ठेवायची. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन:पुन्हा येतं, धीट होतं, आणि शेवटी बहुधा त्यालाच जीव गमवावा लागतो. म्हणजे आपण विसरलेला पुडा अस्वलाच्या जिवावर बेततो.

पाण्याची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपली धरणं पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात तळ गाठतात. तिकडे उलटं. तिथं पूर येण्याचा धोका हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला अधिक. त्यासाठी जागा ठेवायला म्हणून शरद ऋतूत पाणी सोडून तळं उतरवतात. फोंटानाची पातळी उन्हाळा आणि हिवाळा यांत पन्नास फुटांहून अधिक खालीवर होते. मेअखेर तळं काठोकाठ असतं. डिसेंबरात तिथंच लाल मातीचा उघडा उतार दिसतो आणि त्यात जुन्या रस्त्यांचे तुकडे.

नदीकाठी मुक्काम करायचा असेल तर आणखी जपावं लागतं. धरणाच्या खालच्या अंगाला वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की घोटाभर पाण्याची नदी बघता बघता छातीपर्यंत चढते. कोणत्या धरणातून कधी पाणी सुटणार याच्या वेळा जाहीर केलेल्या असतात. त्या पाहिल्याशिवाय जाणती माणसं पाण्यात पाय घालत नाहीत. आणि डोंगरातल्या पावसाला तर वेळापत्रकच नसतं. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन नावाच्या वादळाचा पाऊस या डोंगरांवर कोसळला. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागात नद्यांनी रस्ते, पूल, वस्त्या वाहून नेल्या. एकट्या त्या राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली. जावयानं फोनवर सांगितलं, ‘‘अब्बा, आपण जिथं थांबून भाकरी खाल्ली होती, तो नदीकाठ आता ओळखू येत नाही.’’ म्हणून सांगतो, नदीकाठी झोपायचं तर चढाकडे पळायची वाट अंधार पडायच्या आत पाहून ठेवावी.

तर रात्र झाली. शेकोटी पेटली. हिनं घरून आणलेले मसाला लावलेले चिकनचे तुकडे निखाऱ्यांवर भाजले. झाडीत काजवे लुकलुकायला लागले. याच डोंगरात एल्कमाँट नावाच्या जागी काजव्यांची अशी जात आहे, की हजारो काजवे एकाच वेळी पेटतात आणि एकाच वेळी विझतात. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तो खेळ चालतो. गर्दी एवढी, की पाहायला सोडतीनं परवाना द्यावा लागतो. आमच्या काजव्यांना एवढी शिस्त नव्हती. पण नातू मोजता मोजता झोपला. मला मात्र झोप येईना. तंबूचं कापड आणि जमीन यांच्यामध्ये बोटभर जाडीची गादी. त्या जमिनीला कान लागले की तळ्याचं पाणी काठाला लागल्याचा आवाज येत होता.

आता माझ्या गप्प बसण्याचं कारण सांगतो. माझं आजोळ भीमेच्या काठचं, करमाळा तालुक्यातलं. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं. त्याच्या आसपासच्या वर्षांत ते गाव उठलं. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा होतो. मामाच्या घराची तुळई उतरवून बैलगाडीत घातलेली मी पाहिली आहे. गावाबरोबर घरांची लाकडं गेली, दारं गेली, जात्याच्या तळ्या गेल्या. मागे राहिलं ते कब्रस्तान. आमच्यात पुरलेल्या माणसाला सहसा हलवत नाहीत. माझ्या आजीची, म्हणजे नानीची कबर तिथं होती. ती पाण्याखाली गेली. माझी अम्मा आज ऐंशीच्या घरात आहे. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्र आलं की ती मला आधी एकच विचारते, ‘‘उजनीत पाणी किती राहिलं रे?’’ शेतीसाठी ती विचारत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून तळं म्हणजे धरण, हे कळल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की याच्या खाली कुणाचं आजोळ आहे?

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन आलं. रविवार होता. केबल कोव्हच्या धक्क्यावर गाड्या येऊ लागल्या. म्हातारे-कोतारे, मध्यमवयीन बायका, लहान पोरं. हातात फुलं. काही खरी, काही कापडाची. बरोबर खाण्याचे डबे, शीतपेट्या, खुरपी, दाताळी. मासे धरायला निघालेली माणसं अशी नसतात. धक्क्याला होडी लागली होती. मी जावयाला घेऊन खाली गेलो. काठी टेकत होडीची वाट पाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना त्यानं अदबीनं विचारलं. त्यांनी पलीकडच्या डोंगराकडे बोट केलं आणि सांगितलं, आम्ही आमच्या माणसांना भेटायला निघालोय.

पुढची हकिकत थोडी त्यांच्याकडून कळली, थोडी मी नंतर वाचून काढली.

१९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टेनेसी व्हॅली अथॉरिटी नावाची सरकारी संस्था काढली. महामंदीचे दिवस होते. हे खोरं फार गरीब होतं. पुरानं आणि हिवतापानं गांजलेलं, आणि खेड्यांतल्या बहुतेक घरांत वीज नाही. नद्यांवर धरणं बांधायची, पूर आवरायचे, वीज द्यायची, जमीन सुधारायची अशी ती योजना. ती बऱ्याच अंशी यशस्वी झाली हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झालं ते याच नमुन्यावर. पण तिच्या पहिल्याच धरणासाठी, १९३६ मध्ये पुऱ्या झालेल्या नॉरिस धरणासाठी, जवळपास तीन हजार कुटुंबं उठवावी लागली. पाच हजारांहून अधिक कबरी उकरून दुसरीकडे नेल्या. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला मिळाला. जे दुसऱ्याची जमीन खंडानं किंवा वाट्यानं कसत होते, त्यांच्या हाती जमिनीचा पैसा कुठून पडणार? हे वाक्य मी इंग्रजीत वाचलं, पण ते मला मराठीतच ऐकू आलं.

फोंटाना धरण तर युद्धाच्या घाईत झालं. जानेवारी १९४२ मध्ये काम सुरू झालं, तीन पाळ्यांत रात्रंदिवस चाललं, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये पाणी अडवलं. लढाऊ विमानांच्या अ‍ॅल्युमिनियमला वीज हवी होती. अणुबाँबच्या कामासाठी उभारलेल्या ओक रिज या गुप्त नगरालाही याच खोऱ्यातली वीज गेली. तेराशेहून अधिक कुटुंबं हलवली गेली, हजारावर कबरी हलवल्या गेल्या. जडसन, बुशनेल, फोर्नी अशी गावं पाण्याखाली गेली. देशासाठी द्या, असं सांगितलं गेलं आणि लोकांनी दिलं. त्यांतल्या कित्येक घरांतली तरणी मुलं त्या वेळी लढाईवरच होती.

तळ्याच्या उत्तर काठाची गोष्ट मात्र वेगळी. तिथली बरीचशी जमीन पाण्यात गेली नाही. पण तिथं जाणारा रस्ता बुडाला. एवढ्याशा लोकांसाठी नवा रस्ता कोण बांधणार? म्हणून ४४ हजार एकर जमीन घेऊन राष्ट्रीय उद्यानाला जोडून टाकली. तिथल्या कब्रस्तानांचं काय, असं लोकांनी विचारलं. तेव्हा १९४३ च्या करारात सरकारनं लिहून दिलं, की युद्ध संपल्यावर उत्तर काठानं रस्ता बांधून देऊ. युद्ध संपलं. रस्ता झाला तो सातेक मैल, आणि त्याच्या टोकाला एक बोगदा. १९७० च्या दशकात काम थांबलं. डोंगर फोडला की आतल्या खडकातून आम्ल पाझरतं आणि ओढ्यांचं पाणी बिघडतं, हे एक कारण. खर्च हे दुसरं. परतताना आम्ही ब्रायसन सिटी गावावरून त्या रस्त्यानं गेलो. नातवाच्या बॅटरीच्या उजेडात तो लांबलचक अंधारा बोगदा पार केला. पलीकडे रस्ता नाहीच. नुसती पायवाट आणि रान. लोक त्याला ‘कुठेच न जाणारा रस्ता’ म्हणतात. २०१० मध्ये सरकारनं रस्त्याऐवजी त्या काउंटीला ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. शेवटचा हप्ता पोचायला २०१८ साल उजाडलं. म्हणजे लिहून दिलेल्या शब्दाचा हिशेब मिटायला पंचाहत्तर वर्षं.

पण कबरी तिथंच आहेत. पंचवीसहून अधिक लहान लहान कब्रस्तानं त्या जंगलात विखुरलेली आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या गावांतून उठलेल्या काही कुटुंबांनी ठरवलं, की आपण दरवर्षी जायचंच. त्यांनी पाठपुरावा केला. तेव्हापासून उद्यानाचे लोक ठरलेल्या रविवारी होड्या लावतात आणि या कुटुंबांना पलीकडे फुकट नेऊन आणतात. पलीकडे उतरून ते डोंगर चढतात, कबरींवरचं गवत काढतात, माती सारखी करतात, फुलं ठेवतात, भजनं म्हणतात, आणि मग तिथंच सगळे मिळून जेवतात. ‘डेकोरेशन’ म्हणतात त्याला. मला आमची शब-ए-बरात आठवली. त्या रात्रीही आम्ही कबरी झाडतो, फुलं वाहतो, आणि लहान मुलांना सांगतो, हे तुझे परदादा, ही तुझी परनानी. प्रार्थनेची भाषा वेगळी, पण खुरपं धरण्याची पद्धत तीच.

होडी सुटली तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडे बघून हॅट उचलली. मी नकळत सलाम केला.

या गोष्टीला आणखी एक तळ आहे. फोंटानाच्या खाली तीच लिटल टेनेसी नदी जिथं टेनेसी नदीला मिळते, तिथं टेलिको नावाचं धरण आहे. एका बोटभर माशाच्या रक्षणासाठी त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये न्यायालयानं माशाच्या बाजूनं कौल दिला. पुढच्या वर्षी संसदेनं त्या धरणाला कायद्यातून सूट दिली आणि १९७९ च्या नोव्हेंबरात पाणी अडवलं. त्या पाण्यात गेली ती चेरोकी या मूळ रहिवासी जमातीची जुनी गावं. त्यांतल्या एकाचं नाव टनासी. टेनेसी राज्याला नाव मिळालं ते याच गावावरून. ज्या गावानं राज्याला नाव दिलं तेच पाण्याखाली! शेजारच्या चोटा गावाच्या जागी भराव घालून आठ खांब उभे केले आहेत. सात चेरोकींच्या सात कुळांचे, आठवा त्यांच्या राष्ट्राचा. १८३८ मध्ये या डोंगरांतल्या बहुतेक चेरोकींना सैन्य लावून पश्चिमेकडे हाकललं होतं. वाटेत हजारो मेले. फोंटानातून उठवलेली डोंगरी कुटुंबं त्यांच्याच मोकळ्या झालेल्या मुलुखात वसली होती. म्हणजे पाण्याखाली गाव, आणि त्या गावाच्या आधी तिथं आणखी कुणाचं तरी गाव.

मग अशा ठिकाणी तंबू ठोकूच नये का? मला तसं वाटत नाही. तळं आता आहे, सुंदर आहे, आणि त्याच्या काठी नातवानं काजवे मोजले हे मी विसरणार नाही. पण त्या एका रात्रीनंतर तिथल्या बारीक बारीक नियमांचा अर्थ मला वेगळा लागला. जमीन खणू नका, झाड तोडू नका, राख विझवून थंड करा, आलात तशी जागा सोडा. हे नियम पाहुण्याचे आहेत. आणि पाहुण्यानं निदान यजमानाचं नाव तरी विचारावं. आपल्याकडेही हल्ली पवना धरणाच्या काठी आणि इतरत्र तंबूंच्या रांगा लागतात. जरूर जा. फक्त चहा देणाऱ्या माणसाला एकदा विचारा, ‘‘बाबा, या पाण्यात कुठलं गाव होतं?’’ बहुतेकदा तो त्याच गावचा निघेल.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. मी अम्माला गाडीत घालून घेऊन गेलो. पाणी पार आत सरकलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी गाळपेर केली होती, मोटारींचे पाइप लांबवर पसरले होते. कब्रस्तान कुठलं आणि शेत कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. अम्मानं एका पडक्या विहिरीच्या काठावरून अंदाज घेतला, काही पावलं मोजली, आणि थांबली. तिथंच उभ्यानं तिनं फातिहा पढला. मी मागे उभा होतो.

परतताना गाडीत मी तिला ती होडीची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘होडी कोण देतं त्यांना?’’

‘‘सरकार.’’

‘‘पैसे घेतात?’’

‘‘नाही, फुकट.’’

ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग पदर सावरत म्हणाली, ‘‘तेवढं तरी बरं आहे.’’